माजी सैनिकांच्या दीर्घकालीन वेदना : उपचारांतील विषमता आणि समन्यायाचे प्रयत्न

सैनिकी सेवेतून बाहेर पडलेल्या व्यक्तीची पाठ, गुडघा किंवा खांदा अनेकदा आयुष्यभर दुखत राहतो. ही वेदना जवळपास सर्व देशांतील माजी सैनिकांच्या वाट्याला येते; तिच्यावरचा उपचार मात्र सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. वंश, लिंग, हुद्दा, भाषा आणि राहण्याचे ठिकाण यांवरून कोणाच्या तक्रारीवर विश्वास ठेवला जातो, कोणाला तज्ज्ञाकडे पाठविले जाते आणि कोणाच्या हाती केवळ गोळ्यांची चिठ्ठी पडते, हे ठरत असल्याचे गेल्या तीन दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. या विषयाचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तेथील माजी सैनिक व्यवहार विभागाची आरोग्ययंत्रणा ही त्या देशातील सर्वांत मोठी एकात्मिक आरोग्यव्यवस्था असून तिच्याकडे सुमारे ९० लाख माजी सैनिकांची नोंदणी आहे. या यंत्रणेत उपचारांचा खर्च हा फारसा अडसर नसतो आणि नोंदीही एकाच पद्धतीने ठेवल्या जातात. त्यामुळे ‘पैशाची अडचण नसतानाही भेदभाव उरतो का’ या प्रश्नाचे उत्तर तेथे स्पष्टपणे मिळते. ते उत्तर ‘होय’ असे आहे.

दीर्घकालीन वेदना म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा वारंवार उद्भवणारी वेदना ही वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या आवृत्तीत दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र वर्गीकरण मिळाले. तोपर्यंत ती अन्य आजाराचे केवळ लक्षण समजली जात असे.

वेदनेच्या अभ्यासासाठी कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेच्या व्याख्येत सुधारणा केली. शरीराच्या ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित, अथवा तशा इजेसारखा भासणारा अप्रिय शारीरिक व भावनिक अनुभव म्हणजे वेदना, असे ही व्याख्या सांगते. व्याख्येसोबतच्या टिपणात रुग्णाने सांगितलेल्या वेदनेचा आदर केला पाहिजे, असे नमूद आहे. समन्यायाच्या चर्चेत हा मुद्दा कळीचा ठरतो. रक्तदाब यंत्राने मोजता येतो, साखर रक्ताच्या थेंबातून कळते. वेदना मोजण्याचे असे यंत्र नाही. रुग्णाचे सांगणे हाच मुख्य पुरावा असतो. त्यामुळे सांगणाऱ्यावर विश्वास बसला नाही, तर उपचाराची वाट सुरुवातीलाच बंद होते.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१० ते २०१४ या काळातील माहितीच्या आधारे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, ६५.६ टक्के माजी सैनिकांनी आधीच्या तीन महिन्यांत वेदना जाणवल्याचे सांगितले. तीव्र वेदनेचे प्रमाण माजी सैनिकांमध्ये ९.१ टक्के, तर सैन्यात सेवा न केलेल्या नागरिकांमध्ये ६.४ टक्के आढळले. पाठीवर ३० किलोहून अधिक भार घेऊन केलेली कूच, विमानातून घेतलेल्या उड्या, वाहनांचे हादरे, स्फोटांमुळे मेंदूला व मज्जातंतूंना झालेली इजा आणि अवयवांचे विच्छेदन ही त्यामागील ठळक कारणे आहेत. आघातोत्तर मानसिक ताण आणि निद्रानाश यांची जोड मिळाली, की वेदना अधिकच चिवट बनते.

रणभूमीवर घडलेले वेदनाशास्त्र

आधुनिक वेदनाशास्त्राचा मोठा भाग सैनिकांच्या जखमांवरच उभा राहिला आहे. अमेरिकी यादवी युद्धातील जखमींवर उपचार करताना सायलस वेअर मिचेल यांनी मज्जातंतूंच्या इजेनंतर होणाऱ्या जळजळीचे वर्णन केले. कापलेला हात किंवा पाय अजून जागेवरच असून तो दुखत आहे, असा भास म्हणजे आभासी अवयव. ही संज्ञाही त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये एक वेगळेच निरीक्षण मांडले. गंभीर जखमा असूनही अनेक सैनिकांनी वेदनाशामकाची मागणी केली नव्हती. जखमेचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचे प्रमाण सरळ नसते, तर जखमी व्यक्तीच्या दृष्टीने त्या जखमेला असलेला अर्थही महत्त्वाचा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. याच महायुद्धात सैनिकी रुग्णालयात काम केलेले जॉन बोनिका पुढे वेदनाचिकित्सेचे जनक म्हणून ओळखले गेले. विविध शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन रुग्ण पाहावा, ही कल्पना त्यांनी रुजविली.

मात्र या निरीक्षणांतील रुग्ण प्रामुख्याने श्वेतवर्णीय पुरुष होते. अमेरिकेच्या सशस्त्र दलांतील वर्णविभाजन संपविण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. त्यानंतर सैन्याची रचना झपाट्याने बदलली. आज अमेरिकेतील दर आठ माजी सैनिकांमागे सुमारे एक कृष्णवर्णीय आणि दर दहांमागे सुमारे एक महिला आहे. उपचारांची पद्धत मात्र या बदलाच्या वेगाने बदलली नाही.

वंशभेदाच्या नोंदी

माजी सैनिकांच्या आरोग्ययंत्रणेतील नोंदींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना अनेक पातळ्यांवर तफावत आढळली. दीर्घकाळ अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांच्या वेदनेची नोंद कमी वेळा घेतली गेल्याचे, त्यांना वेदनातज्ज्ञांकडे कमी प्रमाणात पाठविल्याचे दिसले. अमली पदार्थांसाठीच्या लघवी तपासण्या मात्र त्यांच्याच अधिक झाल्या होत्या. दुसऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश आढळल्यानंतर वेदनाशामके बंद केली जाण्याची शक्यता कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत श्वेतवर्णीयांच्या दुपटीहून अधिक होती. कोकेनच्या बाबतीत ती तिपटीहून अधिक होती. तपासणीचा निष्कर्ष तोच असतानाही डॉक्टरांचा निर्णय वेगळा होता.

या तफावतीमागे केवळ जाणीवपूर्वक द्वेष असतो, असे संशोधक मानत नाहीत. व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासाने २०१६ मध्ये एका जुन्या समजाकडे लक्ष वेधले. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आणि निवासी डॉक्टर असलेल्या २२२ श्वेतवर्णीय सहभागींपैकी निम्म्यांनी, कृष्णवर्णीयांची त्वचा अधिक जाड असते यांसारख्या किमान एका निराधार विधानावर विश्वास दर्शविला. असा विश्वास बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली आणि त्यांचे उपचारविषयक निर्णयही कमी अचूक ठरले. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेले असे समज पाठ्यपुस्तकात नसतानाही टिकून राहतात.

अविश्वास दुसऱ्या बाजूनेही असतो. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंशाचा आजार उपचारांविना ठेवून त्याचा अभ्यास केला गेला. या प्रकरणाची स्मृती अनेक कुटुंबांत अजून ताजी आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी सांधेरोपणाचा सल्ला मिळाल्यावर कृष्णवर्णीय माजी सैनिक ते स्वीकारण्यास कमी उत्सुक असल्याचे आणि शस्त्रक्रियेतून त्यांना कमी लाभाची अपेक्षा असल्याचे अभ्यासांत आढळले. ‘रुग्णानेच नकार दिला’ अशी नोंद घेऊन अशा प्रसंगी कागदपत्रे पूर्ण होतात. पण त्या नकाराला पुरेशी माहिती आणि विश्वास यांचा आधार होता का, हे कागदावर दिसत नाही.

विकलांगता भरपाईतही असाच प्रश्न आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात, कृष्णवर्णीय माजी सैनिकांचे भरपाईचे दावे मंजूर होण्याचे प्रमाण इतर गटांच्या तुलनेत सामान्यतः कमी असल्याचे नोंदविले. भरपाई मिळाल्यास आरोग्यसेवेतील प्राधान्यक्रमही सुधारत असल्याने या तफावतीचा परिणाम थेट उपचारांवर होतो.

महिला माजी सैनिक

अमेरिकेत २० लाखांहून अधिक महिला माजी सैनिक असून माजी सैनिकांमधील हा सर्वाधिक वेगाने वाढणारा गट आहे. लढाऊ तुकड्यांतील सर्व पदे महिलांसाठी २०१५ च्या अखेरीस खुली झाली. तत्पूर्वी इराक आणि अफगाणिस्तानात हजारो महिलांनी प्रत्यक्ष धोक्याच्या क्षेत्रात सेवा बजावली होती. संरक्षक कवचे व पाठपिशव्या मात्र बराच काळ पुरुषांच्या मापाने बनविलेल्या असत. मापात न बसणाऱ्या साधनांचा भार कंबर, नितंब आणि खांद्यांवर पडतो. हाडे व स्नायूंच्या तक्रारी, अर्धशिशी आणि ओटीपोटातील दीर्घकालीन वेदना महिलांमध्ये अधिक प्रमाणात आढळतात.

वेदनेच्या मुळाशी काही वेळा वेगळा आघात असतो. सेवाकाळात लैंगिक अत्याचार किंवा छळ झाल्याचे अमेरिकी यंत्रणेच्या तपासणीत सुमारे दर तीनपैकी एक महिला आणि दर ५० पैकी एक पुरुष सांगतो. अशा व्यक्तीला फिजिओथेरपीच्या वेळी होणारा स्पर्श, पुरुषांनी भरलेली प्रतीक्षागृहे किंवा दार बंद करून होणारी तपासणी असह्य वाटू शकते. वरवर पाहता तो रुग्ण ‘उपचारांना येत नाही’. प्रत्यक्षात उपचारांची जागाच त्याला दूर लोटत असते. जानेवारी २०२१ मध्ये संमत झालेल्या डेबोरा सॅम्पसन कायद्याने महिलांसाठीच्या आरोग्यसेवा वाढविण्याची आणि छळमुक्त परिसर निर्माण करण्याची जबाबदारी विभागावर टाकली.

अंतर, ओळख आणि सेवामुक्तीचा शेरा

अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश माजी सैनिक ग्रामीण भागात राहतात. वेदनातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट शहरांत एकवटलेले असल्याने ग्रामीण रुग्णाला गोळ्या मिळतात, पण व्यायामोपचार मिळत नाहीत, अशी स्थिती निर्माण होते. ग्रामीण माजी सैनिकांना दरडोई अफूजन्य वेदनाशामके शहरी रुग्णांपेक्षा अधिक दिली गेल्याचे नोंदींतून दिसते. २०१८ च्या मिशन कायद्यानुसार प्राथमिक सेवेसाठी सरासरी ३० मिनिटांहून आणि तज्ज्ञसेवेसाठी ६० मिनिटांहून अधिक प्रवास करावा लागत असल्यास रुग्णाला जवळच्या खासगी डॉक्टरकडे जाण्याची मुभा आहे. मात्र जेथे खासगी तज्ज्ञही नाही, तेथे ही तरतूद कागदावरच राहते.

मूळ अमेरिकी आदिवासी समाजातील सैनिकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या तुलनेत मोठे आहे. त्यांच्या वस्त्या दुर्गम भागांत असून आदिवासी आरोग्यसेवा आणि माजी सैनिक विभाग या दोन यंत्रणांमध्ये त्यांची फरफट होत असे. २०१० च्या सामंजस्य करारानंतर समन्वय वाढला आणि २०२३ मध्ये या समाजातील पात्र माजी सैनिकांचे उपचारशुल्क माफ करण्यात आले.

समलिंगी सैनिकांनी आपली ओळख लपवावी, असे बंधन घालणारे धोरण सप्टेंबर २०११ मध्ये संपुष्टात आले. त्या धोरणाखाली १३,००० हून अधिक जणांना सेवा सोडावी लागली. त्याआधीच्या दशकांत अनेकांना प्रतिकूल शेऱ्यासह मुक्त करण्यात आले होते. असा शेरा असल्यास माजी सैनिक म्हणून मिळणारे लाभ नाकारले जाऊ शकतात. सेवेत झालेली इजा खरी असूनही उपचारांचा हक्क कागदावरील एका ओळीमुळे हिरावला जातो, असा हा प्रकार आहे.

गोळ्यांचा धडा

समन्याय म्हणजे सर्वांना सारख्या गोळ्या, असा अर्थ घेतल्यास काय घडते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. माजी सैनिकांच्या आरोग्ययंत्रणेने १९९९ मध्ये वेदनेला ‘पाचवे जीवनलक्षण’ मानून प्रत्येक भेटीत तिची शून्य ते दहा या मापावर नोंद घेण्यास सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण आकडा कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अफूजन्य औषध, असे समीकरण रूढ झाले. व्यसन आणि अतिसेवनाने होणारे मृत्यू वाढल्यावर २०१३ मध्ये या औषधांच्या सुरक्षित वापरासाठी मोहीम हाती घेण्यात आली. ही औषधे घेणाऱ्या माजी सैनिकांची संख्या २०१२ ते २०२० या काळात ६४ टक्क्यांनी घटल्याचे विभागाने जाहीर केले.

या औषधांच्या उपयुक्ततेविषयीचा समजही बदलला. मिनियापोलिस येथे २४० माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठदुखी किंवा खुबा व गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांमध्ये एका वर्षानंतर अफूजन्य औषधे अन्य वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र अधिक झाले. त्याच वेळी औषधे अचानक बंद करणेही घातक असल्याचे स्पष्ट झाले. सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदींवर आधारित २०२० मधील अभ्यासात, औषध बंद केल्यानंतरच्या काळात अतिसेवनाने किंवा आत्महत्येने मृत्यूचा धोका वाढल्याचे दिसले. त्यामुळे ज्यांची औषधे सहजपणे बंद केली जातात तो गट कोणता, हा प्रश्न प्रशासकीय राहत नाही. तो जीवन-मरणाचा ठरतो.

कृष्णवर्णीय रुग्णांना ही औषधे कमी मिळाली म्हणून त्यांतील काही जण व्यसनापासून बचावले, असा युक्तिवाद केला जातो. तज्ज्ञांच्या मते तो अपुरा आहे. औषध नाकारताना त्याऐवजी फिजिओथेरपी, समुपदेशन किंवा अन्य उपचार दिले असते, तर तो विवेकी निर्णय ठरला असता. औषधही नाही आणि पर्यायही नाही, याला सावधगिरी म्हणता येत नाही.

काय उपयोगी पडते?

सध्याची उपचारपद्धती पायऱ्यांवर आधारलेली आहे. पहिल्या पायरीवर रुग्णाची स्वतःची काळजी व प्राथमिक डॉक्टर, दुसऱ्यावर विविध शाखांचे वेदनापथक आणि तिसऱ्यावर विशेष पुनर्वसन केंद्र अशी तिची रचना आहे. २०१६ च्या व्यसनमुक्तीविषयक कायद्याने प्रत्येक केंद्रात वेदनापथक अनिवार्य केले. व्यायाम, योग, ताई-ची, ॲक्युपंक्चर, विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती आणि सजगतेचा सराव यांचा उपचारांत समावेश झाला आहे.

विषमता कमी करण्याच्या दृष्टीने तीन प्रकारचे उपाय पुढे आले आहेत. पहिला उपाय सेवा घरापर्यंत नेण्याचा. सजगतेच्या सरावावर आधारित आठ आठवड्यांच्या दूरस्थ कार्यक्रमाची चाचणी ८११ माजी सैनिकांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीत जवळपास निम्म्या सहभागी महिला होत्या, हे तिचे वैशिष्ट्य. गटाने आणि स्वतःच्या गतीने शिकणाऱ्या दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या दैनंदिन कामांतील वेदनेचा अडथळा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी झाला. दूरध्वनी किंवा इंटरनेटवरील असे कार्यक्रम प्रवास, लहान मुलांची देखभाल आणि कामावरील रजा हे अडसर दूर करतात.

दुसरा उपाय रुग्णाला बोलते करण्याचा. इंडियानापोलिस येथे २५० कृष्णवर्णीय माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीत त्यांना दूरध्वनीवरून मार्गदर्शन देण्यात आले. स्वतःला काय महत्त्वाचे वाटते ते ठरविणे, उपलब्ध उपचारांची माहिती घेणे आणि डॉक्टरांपुढे प्रश्न मांडण्याचा सराव करणे असे त्याचे स्वरूप होते. आपल्या उपचारांत सक्रिय सहभाग घेण्याची त्यांची क्षमता वाढली. वेदनेच्या त्रासात मात्र ठळक फरक पडला नाही. संवाद सुधारणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही, असा या निष्कर्षाचा अर्थ होतो. रुग्ण बोलू लागला, तरी पुढे उपचार उपलब्ध असावेच लागतात.

तिसरा उपाय यंत्रणेच्या मोजमापाचा. सरासरी आकडे चांगले दिसत असताना एखादा गट मागे राहिलेला असू शकतो. म्हणून तज्ज्ञाकडे पाठविण्याचे प्रमाण, प्रतीक्षाकाळ, औषध बंद करण्याचे निर्णय आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या वंश, लिंग, वय व निवासस्थान यांनुसार वेगवेगळी पाहावी, असा आग्रह धरला जातो. डॉक्टरांसाठीच्या एखाद्या दिवसाच्या संवेदनशीलता प्रशिक्षणापेक्षा अशा नियमित आकडेवारीतून आणि सर्वांना लागू असलेल्या ठरावीक कार्यपद्धतीतून अधिक फरक पडू शकतो.

या प्रयत्नांना राजकीय संदर्भही आहे. विविधता व समावेशकता कार्यक्रम बंद करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढल्यानंतर माजी सैनिक विभागानेही आपले संबंधित कार्यालय बंद केले. त्यामुळे गटनिहाय माहिती गोळा करण्याचे आणि तिच्यावर कृती करण्याचे काम पुढे कोणत्या नावाने आणि किती प्रमाणात चालेल, हा तेथील वादाचा विषय बनला आहे.

भारतातील चित्र

भारतीय सशस्त्र दलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक निवृत्त होतात. त्यांतील बहुतेक जवान ऐन मध्यमवयात, चाळिशीच्या आसपास घरी परततात. सियाचीनसारख्या अतिउंच भागातील हिमदंश, सुरुंगस्फोटात गमावलेले पाय, मणक्याच्या इजा आणि वर्षानुवर्षांच्या ओझ्याने झिजलेले सांधे घेऊन ते पुढील तीस-चाळीस वर्षे जगतात. त्यातच अनेकांना शेती किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी करावी लागते, म्हणजे पुन्हा उभे राहणे आणि वाकणे.

त्यांच्या आरोग्यसेवेचा मुख्य आधार म्हणजे १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ईसीएचएस. देशभरात ४०० हून अधिक पॉलिक्लिनिक असलेल्या या योजनेचे ५० लाखांहून अधिक लाभार्थी आहेत. नेपाळमध्ये राहणाऱ्या गोरखा माजी सैनिकांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथेही केंद्रे आहेत. योजनेत माजी सैनिकाबरोबर त्याच्या पत्नीचा व अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा समावेश होतो, ही तिची जमेची बाजू आहे. तथापि, पॉलिक्लिनिक सहसा जिल्ह्याच्या किंवा छावणीच्या ठिकाणी असते आणि वेदनातज्ज्ञ त्याहून मोठ्या शहरात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ मधील अहवालात या योजनेतील औषधांच्या उपलब्धतेतील त्रुटींवर बोट ठेवण्यात आले होते. संरक्षण मंत्रालयाने मे २०२१ मध्ये सुरू केलेली ‘सेहत’ ही दूरस्थ सल्लासेवा अंतर कमी करू शकते. मात्र वयोवृद्ध माजी सैनिक वा वीरपत्नी यांना मोबाइल, इंटरनेट आणि परिचित भाषा या तिन्हींची जोड मिळाली तरच.

अवयव गमावलेल्या व मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनात पुण्याचे स्थान जुने आहे. पहिल्या महायुद्धातील जखमी भारतीय सैनिकांसाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकी येथे १९७४ मध्ये स्थापन झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र या संस्था तेथे आहेत. शरीराच्या उघड दिसणाऱ्या हानीसाठी अशी व्यवस्था उभी राहिली. न दिसणाऱ्या वेदनेसाठी तेवढी भक्कम व्यवस्था अद्याप उभी राहायची आहे.

विविधतेचे प्रश्न येथे वेगळ्या रूपात येतात. अमेरिकेतील वंशाच्या जागी भारतात हुद्दा, भाषा, प्रदेश आणि समाज हे घटक येतात. आपली तक्रार इंग्रजीत वा हिंदीत सविस्तर मांडू शकणारा निवृत्त अधिकारी आणि आपल्याच बोलीत दोन शब्दांत ती उरकणारा निवृत्त जवान यांना डॉक्टरांच्या खोलीत सारखाच वेळ मिळतो का, याची मोजदाद होत नाही. महिलांचा प्रश्नही आता वेगाने पुढे येईल. लष्करातील महिला अधिकाऱ्यांना स्थायी नियुक्तीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने मोकळा झाला आणि सैनिकी पोलीस दलातील महिला जवानांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये दाखल झाली. त्यांच्या निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय गरजांची तयारी आतापासूनच करावी लागणार आहे.

अग्निपथ योजनेने पात्रतेचा नवा प्रश्न उभा केला आहे. चार वर्षांनंतर सेवामुक्त होणाऱ्या अग्निवीरांना माजी सैनिकाचा दर्जा आणि ईसीएचएसचा लाभ नाही. सेवाकाळातील विकलांगतेसाठी त्यांना भरपाईची तरतूद आहे. पण प्रशिक्षणात वा सीमेवर झालेली किरकोळ वाटणारी इजा काही वर्षांनी दीर्घकालीन वेदनेत बदलली, तर तिचा उपचार सार्वजनिक वा खासगी रुग्णालयांतच शोधावा लागेल.

औषधांच्या बाबतीत भारताची अडचण अमेरिकेच्या उलट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर परवान्यांमुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरवून परवान्याची पद्धत सोपी करण्यात आली. तरीही अनेक जिल्ह्यांत ही औषधे सहज उपलब्ध नाहीत. कर्करोगाच्या किंवा अंतिम अवस्थेतील वेदनेसाठी ती हवीत आणि पाठदुखीसारख्या तक्रारींसाठी ती सरसकट नकोत, असा दुहेरी तोल येथे साधावा लागतो.

वेदनेची भाषा

रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये तयार केलेली मॅकगिल वेदना प्रश्नावली वेदनेचे प्रकार शब्दांवरून ओळखते. भाषा बदलली की ही शब्दसंपदाही बदलते. मराठीत ‘दुखते’ या एका क्रियापदाखाली ठणका, कळ, चमक, आग, टोचणी, मुंग्या, पेटका आणि ओढ अशा कितीतरी छटा आहेत. वैद्यकीयदृष्ट्या त्या निरर्थक नाहीत. आग होणे, विजेचा झटका बसल्यासारखी चमक निघणे किंवा मुंग्या येणे ही मज्जातंतूंच्या वेदनेची लक्षणे असू शकतात. त्यांवर नेहमीच्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी औषधे लागतात. सुजेमुळे येणारा ठणका हा निराळा. दुभाष्याने किंवा घाईतल्या डॉक्टरने या सर्वांचे ‘पेन’ असे एकच भाषांतर केले, तर निदानाचा धागाच तुटतो. बेळगावातील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या निवृत्त जवानाला आपल्या भाषेत बोलण्याची सोय लागते, तशीच लडाख, नागालँड किंवा तमिळनाडूतील जवानालाही लागते.

सैनिकी संस्काराचाही येथे संबंध येतो. दुखणे सांगणे म्हणजे दुबळेपणा, ही शिकवण सेवाकाळात उपयोगी पडत असेल. निवृत्तीनंतर मात्र ती आजार वाढविते. त्यामुळे ‘किती दुखते?’ यापेक्षा ‘दुखण्यामुळे कोणते काम करता येत नाही?’ असा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो, असे वेदनाचिकित्सक सांगतात. जिना चढता येतो का, रात्रभर झोप लागते का, शौचालयात उकिडवे बसता येते का, नातवंडाला उचलून घेता येते का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही भाषेतील जवान संकोच न करता देऊ शकतो.

पुढील वाट

अमेरिकेच्या अनुभवातून तीन बाबी ठळकपणे पुढे येतात. मोफत उपचार म्हणजे समान उपचार नव्हे. गोळ्यांची संख्या वाढविणे किंवा घटविणे हे समन्यायाचे माप नव्हे. आणि ज्या गटाची स्वतंत्र नोंद होत नाही, त्याच्यावरील अन्यायाची कोणाला माहितीही होत नाही. भारतात ईसीएचएसकडे लाखो लाभार्थ्यांच्या नोंदी आहेत. हुद्दा, लिंग, वय आणि जिल्हा यांनुसार वेदनेच्या तक्रारी, तज्ज्ञांकडे केलेली शिफारस आणि फिजिओथेरपीची प्रत्यक्ष सत्रे यांचा ताळेबंद या नोंदींतून मांडता येणे शक्य आहे. पॉलिक्लिनिकमध्ये नियमित फिजिओथेरपी, स्थानिक भाषेतील साधी प्रश्नावली, दूरध्वनीवरील पाठपुरावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांशी समन्वय यांसाठी नवी रुग्णालये उभारावी लागत नाहीत. सेवेत घेताना सैनिकाच्या शरीराची तपासणी अत्यंत काटेकोर होते. निवृत्तीनंतर त्याच शरीराच्या तक्रारीलाही तितक्याच काटेकोरपणे ऐकले जावे, हा या विषयाचा गाभा आहे.